खेळाडू मागताय, तर मास्तर मागा

प्रति,
अध्यक्ष आणि पदाधिकारी, भारतीय बास्केटबॉल महासंघ,
तसेच महाराष्ट्रातल्या जिल्हा बास्केटबॉल संघटनांचे सर्व कार्यकर्ते

सप्रेम नमस्कार.

परदेशात जन्मलेल्या, तिथेच खेळ शिकलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंना देशाच्या संघात घ्यावं की नाही, हा वाद आपल्याकडे अधूनमधून पेटतो आणि विझतो. २००८ पासून केंद्र सरकारचं धोरण ठरलेलं आहे. भारतीय पासपोर्ट असेल तोच भारताकडून खेळेल, परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर नाही. फुटबॉलमध्ये आराता इझुमीला त्यासाठी जपानचं नागरिकत्व सोडावं लागलं. आपल्या खेळात सिम भुल्लरचं नाव सगळ्यांना आठवत असेल. कॅनडात वाढलेला हा पंजाबी मुलगा २०१५ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या सामन्यात उतरला तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटले, पण आपल्या संघाच्या यादीत त्याचं नाव कधी येणार नव्हतं.

एक बाजू म्हणते, दार उघडा, ही पोरं आली की आशियात आपली पत वाढेल. दुसरी म्हणते, मग इथं उन्हातान्हात घाम गाळणाऱ्यांनी काय करायचं? मी दोन्ही बाजूंची भाषणं ऐकली आहेत. दोघांचाही रोख एकाच गोष्टीवर असतो: जर्सी कोण घालणार. माझं म्हणणं त्याहून वेगळं आहे आणि ते सांगायला मला नव्वद वर्षं मागे, बाल्टिक समुद्राकाठच्या लिथुआनियात जावं लागेल. तिथे हाच प्रश्न आला होता, आणि प्रानास लुबिनास नावाच्या एका माणसाच्या कारकिर्दीत त्याचं उत्तर जवळजवळ सगळं सापडतं.

लिथुआनियाची आजची लोकसंख्या पुणे शहरापेक्षा कमी आहे. या एवढ्याशा देशाने १९९२, १९९६ आणि २००० अशा सलग तीन ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या बास्केटबॉलचं कांस्यपदक घेतलं. १९८८ मध्ये सोव्हिएत संघाने सोलला सुवर्ण जिंकलं, त्यातले साबोनिस, मार्च्युलिओनिस, कुर्तिनाइतिस आणि खोमिच्युस हे चौघे खंदे खेळाडू लिथुआनियाचे. तिथे बास्केटबॉल हा दुसरा धर्म आहे असं कुणी म्हटलं की आपण मान डोलावतो आणि उंचीचं कारण पुढे करतो. लोक उंच आहेतच. पण १९२५ मध्येही ते उंचच होते, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात रीगाला जाऊन आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना ते शेजारच्या लाट्वियाकडून ४१-२० असा हरले होते.

सुरुवात स्तेपोनास दारियुसपासून करायला हवी. १८९६ मध्ये लिथुआनियात जन्म, लहानपणी अमेरिका, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात, आणि १९२० मध्ये नुकत्याच स्वतंत्र झालेल्या मायदेशात परत. हा गडी वैमानिक झाला, फुटबॉल खेळला, बेसबॉल रुजवायची खटपट केली, कौनासला मैदान व्हावं म्हणून झटला आणि १९२६ मध्ये बास्केटबॉल कसा खेळायचा याचं पुस्तकही लिहून मोकळा झाला. पुरुषांचा पहिला नोंदलेला सामना २३ एप्रिल १९२२ चा, गुणसंख्या ८-६. त्या काळात तिथे हा मुख्यतः मुलींचा खेळ समजला जाई. एलेना कुबिल्यूतेसारख्या बायकांनी तो चालवला, जगवला. पुरुषांना फुटबॉल हवा होता. दारियुस पुढे १९३३ मध्ये न्यूयॉर्कहून कौनासला थेट उड्डाण करत येताना स्तासिस गिरेनाससह विमान कोसळून गेला. अटलांटिक पार करून, घर सुमारे साडेसहाशे किलोमीटरवर असताना. लिथुआनियात त्याचा चेहरा नोटेवर छापला गेला तो या उड्डाणासाठी. बास्केटबॉल हा त्याच्या आयुष्यातला जोडधंदा होता, आणि तो गेला तेव्हा देशात पुरुषांचं बास्केटबॉल अगदीच मरगळलेलं होतं.

आता लुबिनास. जन्म ७ जानेवारी १९१०, लॉस एंजेलिस. आईवडील लिथुआनियातून आलेले. अमेरिकेत त्याचं नाव फ्रँक लुबिन. उंची दोन मीटरच्या घरात, म्हणजे त्या काळात रस्त्यावर लोक वळून पाहतील अशी. विद्यापीठाचं बास्केटबॉल तो यूसीएलएकडून खेळला. तेव्हा धंदेवाईक लीग नावाला होत्या. खरा दर्जा कंपन्यांच्या संघांत होता. कामगार म्हणून पगार आणि संध्याकाळी कंपनीच्या नावाने सामने, आपल्याकडे रेल्वे, पोलीस, बँका यांचे संघ वर्षानुवर्षं चालले तसंच. लुबिन युनिव्हर्सल पिक्चर्स या सिनेमा कंपनीच्या संघात होता, आणि त्याच्या धिप्पाड देहाचा उपयोग कंपनीने आपल्या भयपटाच्या जाहिरातीसाठी राक्षसाचा मेकअप करूनही घेतला. पोटापाण्यासाठी खेळाडूला काय काय करावं लागतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

१९३६ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला ऑलिंपिकसाठी निवड-स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात युनिव्हर्सलने कॅन्ससमधल्या मॅकफर्सन गावच्या तेलकंपनीच्या संघाला ४४-४३ असं एका गुणाने हरवलं. अमेरिकेचा पहिलावहिला ऑलिंपिक बास्केटबॉल संघ मुख्यतः या दोन कंपन्यांच्या खेळाडूंचा होता. बर्लिनला सामने उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या कोर्टांवर ठेवलेले. अंतिम सामन्याला धो धो पाऊस. चेंडू आपटला की उसळायचाच नाही, चिखलात रुतायचा. ड्रिबल, म्हणजे चेंडू आपटत पुढे जाणं, बंद, नुसत्या पासवर खेळ. अमेरिका १९, कॅनडा ८. खेळाचा जनक जेम्स नेस्मिथ ते सामने पाहायला हजर होता. आपल्या पोटच्या खेळाचा पहिला ऑलिंपिक अंतिम सामना असा चिखलात झालेला पाहून त्या म्हाताऱ्याला काय वाटलं असेल कोण जाणे.

बर्लिनला लिथुआनियाचा संघ नव्हता. क्लायपेडा बंदरावरून जर्मनीशी वितुष्ट आलेलं होतं. पण पदक गळ्यात घातलेला, आपल्या रक्ताचा एक माणूस तिथे आहे हे लिथुआनियाच्या लोकांनी बरोबर हेरलं आणि त्याला बोलावणं धाडलं. फ्रँक लुबिन आईवडिलांच्या देशात गेला आणि तिथे तो प्रानास लुबिनास झाला.

इथे जरा थांबा, कारण माझ्या पत्राचा सगळा गाभा इथे आहे. १९३६ मध्ये त्याच्याकडून पहिली अपेक्षा कोणती ठेवली गेली? शिकवण्याची. कौनासच्या पोरांना एक पाय जागेवर रोवून (पिव्हट) कसं वळायचं, उंच माणसाचा फायदा कसा घ्यायचा, पास कधी सोडायचा, हे हाताला धरून दाखवण्याची. दुसऱ्या वर्षी, म्हणजे मे १९३७ मध्ये, रीगाला युरोपची दुसरी अजिंक्यपद स्पर्धा झाली तेव्हा लिथुआनियाच्या संघात लुबिनासचं नाव नाही. ऑलिंपिक विजेत्याला त्यांनी आणलं आणि त्याचा पहिला उपयोग कोर्टाच्या कडेला उभं करून केला. आपण असं केलं असतं का? आपण त्याला पहिल्या पाचात उतरवला असता, वर्तमानपत्रात फोटो छापला असता आणि स्पर्धा संपली की विमानात बसवून दिला असता.

रीगाच्या संघात अमेरिकेतून आलेले दोघे होते: फेलिक्सास क्रियाउच्युनास आणि प्रानास ताल्झूनास. क्रियाउच्युनास शिकागोचा. गेल्या शतकाच्या सुरुवातीला झारच्या जाचाला आणि गरिबीला कंटाळून लिथुआनियातून जी कुटुंबं अमेरिकेला गेली, त्यांची मोठी वस्ती शिकागोत झाली. तो संघात खेळलाही आणि संघ चालवलाही. तेव्हा खेळाडू-प्रशिक्षक ही सर्रास पद्धत होती. गतविजेत्या लाट्वियाच्या घरात ही स्पर्धा, आणि लिथुआनियाला कुणी गणतीत धरलेलं नव्हतं. उपांत्य सामन्यात त्यांनी पोलंडला हरवलं. विल्निअस शहरावरून पोलंडशी त्यांचे राजनैतिक संबंधसुद्धा तेव्हा नव्हते, म्हणून हा सामना नुसता सामना राहिला नसणार. अंतिम फेरीत इटलीवर मात केली, २४-२३. ताल्झूनास स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आता प्रामाणिकपणे बोलू. १९३७ चा हा करंडक बऱ्याच अंशी आयात केलेला होता. ताल्झूनास आणि क्रियाउच्युनास नसते तर लिथुआनिया त्या स्पर्धेत कुठे राहिला असता, याचा अंदाज कुणालाही करता येईल. आपल्याकडचा जो पक्ष ‘भाडोत्री खेळाडू नकोत’ म्हणतो, त्याला १९३७ पुरेसं आहे. आणि गोष्ट तिथेच संपली असती तर मीही त्या पक्षात बसलो असतो. दोन माणसं आली, कप दिला, गेली. चार वर्षांनी पुन्हा लाट्वियाकडून मार.

पण गोष्ट संपली नाही, कारण आलेली माणसं कामाला लागली. क्रियाउच्युनास मागे राहून शिकवत राहिला. कौनासला १९३४ मध्ये शारीरिक शिक्षणासाठी एक सरकारी संस्थेची इमारत उभी राहिली होती, वास्तुकार विताउतास लांड्सबेर्गिस-झेम्काल्निस. ती आजही आहे, आणि तिथे आज क्रीडा विद्यापीठ चालतं. तिथे छपराखाली वर्षभर सराव होई. हिवाळ्यात उणे तापमान असणाऱ्या देशात ही लहान बाब नव्हे. आणि फक्त पुरुष शिकले असं नाही. ऑक्टोबर १९३८ मध्ये रोमला महिलांची पहिली युरोपीय स्पर्धा झाली, त्यात लिथुआनियाच्या मुली रौप्यपदक घेऊन आल्या. माझ्या मते पुरुषांच्या पहिल्या करंडकापेक्षा हे रौप्य जास्त बोलकं आहे. दोन चांगले खेळाडू आणून पुरुषांचा करंडक जिंकता येतो. महिलांचा संघ युरोपात दुसरा येतो तेव्हा शिकवणूक खाली झिरपली आहे असं समजावं.

१९३८ च्या उन्हाळ्यात कौनासला राष्ट्रीय क्रीडामहोत्सव भरला. परदेशस्थ लिथुआनियन खेळाडूंना मुद्दाम आमंत्रणं गेली. अमेरिकेतून आलेल्यांपैकी काही जण तिथेच थांबले.

त्या काळचा रिवाज असा, की जिंकेल त्याने पुढची स्पर्धा भरवायची. १९३९ ची स्पर्धा कौनासवर आली आणि कौनासकडे हजारो माणसं बसतील असं बंदिस्त सभागृहच नव्हतं. बर्लिनच्या चिखलाची आठवण ताजी असलेला माणूस त्यांच्यात होता. उघड्यावर खेळवायचं कुणाच्या मनात आलं नसावं. अनातोलियस रोझेनब्लियुमास या अभियंत्याने आराखडा केला, आणि शहरातल्या जुन्या ओकच्या राईशेजारी काही महिन्यांत सभागृह उभं राहिलं. खास बास्केटबॉलसाठी बांधलेलं युरोपातलं ते पहिलं. त्यात सुमारे ११ हजार माणसं कोंबून बसवता, उभी करता येत. आपल्याकडे क्रीडासंकुलाची कोनशिला बसते आणि उद्घाटनाला नातवंडं येतात, म्हणून हे जरा ठासून सांगतोय.

आणि हे सगळं कुठल्या दिवसांत चाललं होतं ते पाहा. मार्च १९३८ मध्ये पोलंडने निर्वाणीचा खलिता पाठवून लिथुआनियाला संबंध जोडायला भाग पाडलं. मार्च १९३९ मध्ये हिटलरने दुसरा खलिता पाठवला आणि क्लायपेडा, देशाचं एकुलतं मोठं बंदर, काढून घेतलं. राजधानी विल्निअस आधीच पोलंडच्या ताब्यात, म्हणून कौनास ही ‘तात्पुरती’ राजधानी. बंदर गेल्याला जेमतेम दोन महिने झाले होते आणि या लोकांनी युरोपातल्या आठ संघांची स्पर्धा भरवली. पोलंडचा संघही आला, त्याच सभागृहात खेळला आणि तिसरा आला. मला लिथुआनियन भाषा येत नाही आणि त्यांच्या राष्ट्रवादाची मला भुरळही नाही, पण या दोन महिन्यांचा विचार केला की त्या संघटकांपुढे मी टोपी काढतो.

पहिल्याच दिवशी यजमान आणि लाट्विया. लुबिनास आता खेळाडू-प्रशिक्षक. सामना ३७-३६ असा सुटला आणि अगदी शेवटच्या क्षणाची निर्णायक बास्केट लुबिनासची. बाकीच्या सामन्यांत फारशी चुरस झाली नाही असंच म्हणावं लागेल. फिनलंडवर ११२-९ असा विजय मिळवला, तोही ज्या काळात तीस-चाळीस गुणांत सामने संपत त्या काळात. सातही सामने जिंकून लिथुआनिया अजिंक्य, लाट्विया दुसरा.

लाट्वियाच्या गोटातून तक्रारी झाल्या: हा माणूस अमेरिकेकडून ऑलिंपिक खेळलेला, आणि इतका उंच. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही केल्या असत्या. त्या वेळी रिंगवर जाणारा चेंडू वरून अडवण्यावर बंदी नव्हती. असा माणूस बोर्डाखाली उभा राहिला की बाकीच्यांनी नशिबाला बोल लावायचा. शिवाय तीन वर्षांपूर्वी एका देशासाठी सुवर्ण आणि आता दुसऱ्या देशासाठी करंडक, हे आजच्या नियमांत बसणारच नाही. आज जागतिक महासंघ १६ वर्षं पूर्ण झाल्यावर नागरिकत्व घेतलेला एकच खेळाडू संघात घेऊ देतो. म्हणजे उद्या दिल्लीने दारं सताड उघडली तरी १९३९ चा कौनासचा संघ आपल्याला उभा करता येणार नाही. वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांनी हे कागदावर लिहून समोर ठेवावं.

त्या संघाची यादी मी मुद्दाम देतो. अमेरिकेतून आलेले लुबिनास, क्रियाउच्युनास, मिकोलास रुझगिस, विताउतास बुद्रियूनास, युओझास युर्गेला. आणि त्यांच्याबरोबर घरचे लेओनास बाल्त्रूनास, झेनोनास पुझिनाउस्कास, आर्तूरास आंद्रूलिस, लेओनास पेत्राउस्कास, विताउतास नोर्कुस आणि इतर. १९३७ मध्ये बाहेरचे दोघे होते, १९३९ मध्ये पाच. आकडा वाढलाच, हे कबूल. पण घरचे जे १९३७ ला होते त्यातले बरेचसे १९३९ लाही होते. दोन वर्षं रोज त्यांनी या अमेरिकावाल्यांच्या अंगाला अंग घासून सराव केला होता. कॅम्पला पंधरा दिवस एकत्र आणि मग आपापल्या गावी, असा प्रकार नव्हता.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं. लुबिनास कुटुंबाला घेऊन अमेरिकेला परतला. जून १९४० मध्ये सोव्हिएत फौजा शिरल्या, मग जर्मन, मग पुन्हा सोव्हिएत. अजिंक्य संघातले अनेक जण पश्चिमेकडे पळाले, निर्वासितांच्या छावण्यांत राहिले, जगभर पांगले. लुबिनास पुन्हा फ्रँक लुबिन झाला, आता ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीच्या संघात. त्या संघाने १९४१ मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय हौशी स्पर्धा जिंकली. तो नंतरही बरीच वर्षं कोर्टावर दिसत राहिला आणि १९९९ मध्ये, ८९ व्या वर्षी, कॅलिफोर्नियात वारला. तोवर लिथुआनिया पुन्हा स्वतंत्र होऊन बास्केटबॉलची दोन ऑलिंपिक पदकं घेऊन बसला होता. त्या देशात त्याला बास्केटबॉलचा आजोबा म्हणतात.

तर मास्तर गेला, संघ विस्कटला, देश नकाशावरून पुसला गेला. हिशेब करायचा तो इथून पुढे. १९४७ मध्ये प्रागला पुन्हा युरोपीय स्पर्धा झाली. सोव्हिएत संघ पहिल्यांदाच उतरला आणि जिंकला. त्या संघाच्या पाठीचा कणा बाल्टिक देशांचा होता, लिथुआनियाचा आणि एस्टोनियाचा. त्यातला स्तेपास बुताउतास जन्मला १९२५ ला, युस्तिनास लागुनाविच्युस १९२४ ला. म्हणजे कौनासचं सभागृह उघडलं तेव्हा ही पोरं तेरा-चौदा वर्षांची, बरोबर ज्या वयात मूल चेंडू हातातून खाली ठेवत नाही. त्याच १९४७ साली कौनासच्या झालगिरिस संघाने सोव्हिएत संघराज्याचं अजिंक्यपद घेतलं, मॉस्को-लेनिनग्राडच्या क्लबांना मागे टाकून. १९५१ मध्ये पुन्हा. १९५२ मध्ये हेलसिंकीला सोव्हिएत संघ अमेरिकेपुढे अंतिम सामन्यात ३६-२५ असा हरला. त्या रौप्यपदकाच्या संघात बुताउतास, लागुनाविच्युस, काझिस पेत्केविच्युस आणि स्तानिस्लोवास स्तोंकुस असे चार लिथुआनियन. बुताउतास पुढे सोव्हिएत महिला संघाचा प्रशिक्षक झाला.

ही चार माणसं लुबिनासची वैयक्तिक शिष्यमंडळी होती असा माझा दावा नाही. मधे सात-आठ वर्षं, दोन आक्रमणं आणि कितीतरी अनाम प्रशिक्षक आहेत. पण १९२५ ला एकवीस गुणांनी हरणारा आणि नंतर खेळ जवळजवळ सोडून दिलेला देश, आणि मास्तर निघून गेल्यावर आठ वर्षांनी, पारतंत्र्यात असतानाही युरोपच्या विजेत्या संघाला खेळाडू पुरवणारा देश, यांच्यामध्ये काहीतरी घडलं. कप जिंकल्याने ते घडत नाही. कप तर लाट्वियानेही १९३५ ला जिंकला होता.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याला हे नवीन नाही. हॅरी क्रो बक नावाच्या अमेरिकी माणसाने १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं. तो स्वतः खेळून पदकं मिळवायला आलेला नव्हता. त्याने शिक्षक घडवले, १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला भारताचा संघ नेला, आणि १९४३ मध्ये इथेच देह ठेवला. देशभरातल्या शाळांत पी.टी.च्या तासाला जो खेळ पोचला त्यात त्या महाविद्यालयाचा वाटा मोठा. मुंबईत नागपाड्याच्या गल्ल्यांनी वायएमसीएच्या मैदानावर बास्केटबॉल उचललं आणि तिथून अब्बास मुंतसिरसारखा भारताचा कर्णधार, १९७० चा अर्जुन पुरस्कारविजेता निघाला. त्या वस्तीत कुणी परदेशी स्टार आणून बसवला नव्हता.

अलीकडचंही उदाहरण आहे. २०१४ मध्ये वुहानला आपण चीनला, त्यांच्याच घरात, ६५-५८ असं हरवलं. प्रशिक्षक होते स्कॉट फ्लेमिंग, अमेरिकी. खेळाडू सगळे भारतीय पासपोर्टवाले. त्या विजयाचे व्हिडिओ आपण अजून एकमेकांना पाठवतो. पण फ्लेमिंगनी जे शिकवलं ते राष्ट्रीय शिबिरातल्या खेळाडूंच्या पुढे, जिल्ह्यातल्या प्रशिक्षकापर्यंत किती पोचलं? अहिल्यानगरच्या किंवा साताऱ्याच्या शाळेतल्या मास्तरला त्यातलं एक तरी ड्रिल लेखी मिळालं का? हा टोमणा नाही, पण याचं उत्तर पदाधिकाऱ्यांकडे तयार असायला हवं.

म्हणून माझी मागणी वेगळी आहे आणि तिच्यासाठी क्रीडा मंत्रालयाकडे डोळे लावून बसायची गरज नाही. भारताकडून खेळायला पासपोर्ट लागतो. भारतात राहून मुलांना शिकवायला ओसीआय कार्ड पुरतं. अमेरिका-कॅनडातल्या कॉलेज संघांत खेळून बाहेर पडलेले भारतीय वंशाचे मुलगे आणि मुली आज आहेत. एनबीएपर्यंत त्यातला एखादाच जातो. बाकीच्यांची कारकीर्द बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी संपते आणि ते नोकरीला लागतात. त्यांना एका हंगामासाठी बोलवा. राष्ट्रीय शिबिरात नको, जिल्ह्यात. राहायची सोय, पोटापुरतं मानधन, आणि हातात दहा शाळा. मराठी मंडळींशी बोलायचं तर उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळासारखी तयार यंत्रणा आहे. त्यांच्या अधिवेशनात नाटक आणि लावणीला जागा होते, तिथे एक टेबल बास्केटबॉलचंही मांडता येईल. क्रियाउच्युनास ज्या शिकागोतून निघाला, त्या शिकागोत आज मराठी घरं काही थोडी नाहीत, आणि गॅरेजवर रिंग लावलेलं नाही असं त्यातलं घर शोधावं लागेल.

अडचणी मला दिसतात. तिकडची उन्हाळी सुट्टी जून ते ऑगस्ट, म्हणजे आपला ऐन पावसाळा, आणि आपली बहुतेक कोर्टं उघडी. बर्लिनचा चिखल आपल्याला दरवर्षी पाहायला मिळतो. ज्या जिल्ह्यात बंदिस्त सभागृह आहे तिथे ते बहुतेक वेळा बॅडमिंटनवाल्यांच्या ताब्यात किंवा प्रदर्शनाला भाड्याने दिलेलं असतं. तिथे संध्याकाळचे दोन तास मागून घेणं हे जिल्हा संघटनेचं काम आहे, आणि ते भांडण तुम्हालाच करावं लागेल. भाषेचाही प्रश्न येईल. लुबिनाससारखी आईवडिलांची भाषा कानावर असलेली मुलं मिळाली तर उत्तम. नसेल तर सोबत इथला एक तरुण प्रशिक्षक पूर्णवेळ जोडून द्या. तसंही तो जोडायलाच हवा. पाहुणा गेल्यावर खेळ पुढे नेणार तोच. आणि मुलींसाठी बाई प्रशिक्षक आणा, रोमच्या रौप्यपदकाची आठवण ठेवून.

आणि उद्या खरोखरच नियम बदलला, एखादा ओसीआय खेळाडू तुमच्या संघात आला, तर त्याच्या करारात स्पर्धेच्या आधी एक पूर्ण हंगाम शिकवण्याचं कलम घाला. तो नको म्हणाला तर तोही निर्णय समजेल, आणि दोन्ही पक्षांचा वाद तिथल्या तिथे मिटेल.

राज्यातल्या ज्या जिल्हा संघटनांकडे छपराखालचं एक कोर्ट आणि एक होतकरू तरुण प्रशिक्षक आहे, त्यांनी महासंघाच्या परिपत्रकाची वाट न बघता येत्या हंगामासाठी एक तरी माणूस बोलवावा. कोणत्या जिल्ह्याने बोलावलं आणि कोणत्या शाळा दिल्या, हे महासंघाने आपल्या संकेतस्थळावर टाकावं, म्हणजे पुढच्या वर्षी आम्हाला प्रश्न विचारता येतील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक बास्केटबॉलप्रेमी